तीन आकडे, एक वर्तुळ आणि उशिरा उठणारा देकार्त

आज घरी गेलात की एक गंमत करून बघा. लॅपटॉपवर नोटपॅड उघडा, एक साधं एचटीएमएल पान बनवा आणि त्यात एसव्हीजीचा चौकोन टाका. रुंदी ४००, उंची ४००. आता त्याच्या आत ‘सर्कल’चा टॅग लिहा आणि तीन आकडे द्या. सीएक्स २००, सीवाय २००, आर १५०. फाइल सेव्ह करून ब्राउझरमध्ये उघडलीत की समोर काळंकुट्ट, एकदम परफेक्ट वर्तुळ! कंपास नाही, पेन्सिल नाही, हात थरथरण्याचा प्रश्नच नाही.

मी दहावीनंतर गणिताला रामराम ठोकला होता. मास कॉमच्या एका असाइनमेंटसाठी वेबपेजवर एकमेकांना टेकलेले गोल काढायचे होते, तेव्हा माउसने ओढून-ओढून ते चिकटवण्यात मी दोन तास घालवले. लांबून ठीक दिसायचं, पण झूम केलं की कुठे फट, तर कुठे एक गोल दुसऱ्यावर चढलेला. शेवटी एका मैत्रिणीने विचारलं, अगं, डोळ्यांनी का जुळवतेयस, आकडे टाक ना! कुठले आकडे, हे शोधताना मी जिथे पोचले, तिथे सतराव्या शतकातला एक फ्रेंच माणूस अंथरुणात लोळत पडला होता. त्याचं नाव रेने देकार्त.

नाव तुम्ही ऐकलंय. नववीच्या निर्देशक भूमितीत तो भेटला होता. फिलॉसॉफीवाल्यांना तो विचार करण्याबद्दलच्या त्या टी-शर्टवर छापलेल्या वाक्यामुळे माहीत असतो. पण स्क्रीनवर तुम्ही जो कुठला आकार कोडने काढता, तो ज्या कल्पनेवर उभा आहे, तीही बऱ्याच अंशी त्याचीच. आणि ती कल्पना कागदावर उतरली, त्या काळात त्याचं आयुष्य अजिबात सरळ रेषेत चाललं नव्हतं.

खोकणारं पोर

३१ मार्च १५९६ रोजी फ्रान्समधल्या तूरेन प्रांतात, ला-ए नावाच्या छोट्या गावात त्याचा जन्म झाला. वडील ब्रिटनीच्या न्यायालयात मोठ्या पदावर होते. रेने जेमतेम सव्वा वर्षाचा असताना पुढच्या बाळंतपणात आई गेली आणि त्याला आजीने वाढवलं. त्याला कायम कोरडा खोकला असायचा, चेहरा फिकट. डॉक्टरांनी तर हा फार जगणार नाही असं सांगून टाकलं होतं.

दहा-अकरा वर्षांचा झाल्यावर त्याला ला फ्लेश इथल्या जेझुइटांच्या निवासी शाळेत घातलं. शिस्त कडक, सगळी मुलं पहाटे उठणारी. पण या नाजूक मुलाला एक सवलत मिळाली. सकाळी हवं तितका वेळ अंथरुणात राहायची परवानगी! ही सवय त्याने जन्मभर सोडली नाही. लोळत पडायचं आणि विचार करायचा, हाच त्याचा कामाचा वेळ. तुमच्या घरी हे सांगून बघा, उपयोग होईल असं नाही.

इथेच ती प्रसिद्ध माशीची गोष्ट सांगतात. अंथरुणात पडल्या-पडल्या त्याने छतावर फिरणारी माशी पाहिली. दोन भिंतींपासूनची अंतरं सांगितली की माशीची जागा पक्की कळते हे त्याच्या लक्षात आलं, वगैरे. गोष्ट गोड आहे, पण देकार्तच्या लिखाणात ही माशी कुठेच नाही. खरी गोष्ट यापेक्षा लांबलचक आहे आणि तिच्यात भरपूर वळणं आहेत.

१६१६ मध्ये त्याने प्वातिए इथे कायद्याची पदवी घेतली. वडिलांना वाटलं, पोरगं मार्गी लागलं. पोरगं सैन्यात गेलं! १६१८ मध्ये तो हॉलंडमधल्या ब्रेडा गावी मॉरिस ऑफ नासाऊच्या फौजेत होता. वय बावीस, म्हणजे आत्ता माझं आहे तेवढंच. त्या वर्षी १० नोव्हेंबरला त्याची गाठ आयझॅक बीकमन या डच अभ्यासकाशी पडली. बीकमन निसर्गातल्या गोष्टींकडे गणितातून पाहायचा. त्याच्याशी बोलता-बोलता रेनेला शाळेत शिकलेलं गणित परत खुणावायला लागलं. बरोबर एक वर्षाने, १० नोव्हेंबर १६१९ च्या रात्री, जर्मनीतल्या एका शेकोटीने उबदार झालेल्या खोलीत त्याला लागोपाठ तीन स्वप्नं पडली. आपण एक अख्खी नवी ज्ञानपद्धती उभी करायची, हे त्याने त्या रात्री ठरवलं, असं मानतात.

ठरवलं खरं, पण त्या पद्धतीचं पहिलं पुस्तक छापून यायला पुढे अठरा वर्षं लागली. पहिल्या सेमिस्टरमध्येच करिअर ठरलं नाही म्हणून ज्यांची झोप उडते, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

गुणाकाराचं कोडं

वडिलोपार्जित मालमत्ता विकून आलेले पैसे त्याने गुंतवले आणि त्याच उत्पन्नावर जगायचं ठरवलं. १६२८ च्या शेवटी तो हॉलंडला गेला. पुढची वीस वर्षं तिथेच राहिला, पण एका घरात कधीच टिकला नाही. सारखे पत्ते बदलायचा, म्हणजे लोकांनी येऊन त्रास देऊ नये. अ‍ॅमस्टरडॅममध्ये तर तो खाटकांच्या वस्तीत राहायचा आणि जनावरांचे अवयव घरी आणून चिरून बघायचा.

१६३१ च्या अखेरीस लायडनचे प्राध्यापक गोलियस यांनी त्याच्यापुढे एक जुना प्रश्न ठेवला. अलेक्झांड्रियाच्या पॅपसने हजारहून जास्त वर्षांपूर्वी तो नोंदवून ठेवला होता. काही रेषा दिल्या आहेत. एक बिंदू असा फिरतो, की त्या रेषांपासूनच्या त्याच्या अंतरांच्या गुणाकारांमध्ये ठरावीक प्रमाण राहतं. मग तो बिंदू कुठला आकार काढेल? ग्रीकांना तीन-चार रेषांपर्यंत जमलं, पुढे गाडी अडली.

का अडली, ते समजून घेण्यासारखं आहे. जुन्या भूमितीत दोन लांबींचा गुणाकार म्हणजे क्षेत्रफळ आणि तिघींचा म्हणजे घनफळ. मग पाच लांबींचा गुणाकार म्हणजे काय? काहीच नाही! तशी वस्तूच जगात नाही, म्हणून तसं समीकरण लिहायलाही लोक कचरायचे.

देकार्तने इथे एक साधी युक्ती केली. आधी एक लांबी ‘एकक’ म्हणून ठरवून घ्यायची. मग दोन लांबींचा गुणाकार हीसुद्धा त्याच मापाने मोजलेली एक लांबीच, आणि पाचांचा गुणाकारही लांबीच. लांब्या आकड्यांसारख्या वागायला लागल्या आणि दारच उघडलं. आता कुठलाही बिंदू घ्या. एका ठरावीक रेषेवर मोजलेलं त्याचं एक अंतर एक्स, दुसरं वाय. या दोघांमधलं नातं समीकरणात लिहिलं, की ते समीकरण म्हणजेच तो आकार. काही आठवड्यांत त्याने पॅपसचा प्रश्न सोडवला.

तुमच्या स्क्रीनवर ते एकक म्हणजे पिक्सेल. ‘आर १५०’ लिहिताना तुम्ही नेमकं हेच करता, आधी ठरलेल्या एककात लांबी सांगता. ज्ञात गोष्टींना ए, बी, सी आणि अज्ञातांना एक्स, वाय, झेड म्हणायची पद्धतही त्याचीच. घात दाखवायला आकड्याच्या डोक्यावर छोटा आकडा काढतो ना, ते रूढ करणाराही तोच.

क्लिक कुठे झालं?

आता इंटरॅक्टिव्ह भागाकडे येऊ. वर्तुळावर माउस नेला की त्याचा रंग बदलावा असं तुम्हाला वाटतं. स्टाइलमध्ये ‘सर्कल’पुढे कोलन देऊन ‘होव्हर’ लिहा, ‘फिल’ला केशरी रंग द्या. झालं. पण माउसचा बाण वर्तुळाच्या आत आहे की बाहेर, हे ब्राउझरला कसं कळतं? त्याला तर डोळे नाहीत.

हिशेब असा आहे. बाणाच्या एक्समधून केंद्राचा एक्स वजा करा, त्याचा वर्ग करा. वायचंही तसंच. दोन्ही वर्गांची बेरीज त्रिज्येच्या वर्गापेक्षा कमी असेल, तर बाण आत. समान असेल तर बरोबर काठावर, जास्त असेल तर बाहेर. पायथागोरसचं प्रमेय आणि देकार्तचे एक्स-वाय, बस. एसव्हीजीत हे काम ब्राउझर तुमच्यासाठी करतो. ‘कॅनव्हास’वर चित्र काढलंत तर हा हिशेब तुम्हालाच लिहावा लागतो. एकदा तरी स्वतः लिहून बघाच. दहावीत पाठ केलेलं एखादं सूत्र आपल्या डोळ्यांसमोर रंग बदलतं, तेव्हा जाम भारी वाटतं.

एक गोची मात्र ध्यानात ठेवा. शाळेतल्या आलेखात वाय वर जाताना वाढतो, स्क्रीनवर तो खाली जाताना वाढतो. शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात असतं. जुन्या नळीच्या पडद्यांवर किरण वरून खाली, ओळीओळीने फिरायचा, त्याचा हा वारसा. यात देकार्तला दोष देता येणार नाही. त्याच्या पुस्तकात काटकोनात छेदणारे दोन अक्ष आणि त्यांचे चार भाग असं आपल्या ओळखीचं चित्र नाहीच. ते नंतरच्या लोकांनी हळूहळू घडवलं.

भीती, भांडण आणि पाकळी

१६३३ मध्ये देकार्तकडे विश्वाच्या रचनेवरचं एक मोठं पुस्तक जवळजवळ तयार होतं. त्यात पृथ्वी फिरत होती. तेवढ्यात बातमी आली, की रोममध्ये चर्चच्या न्यायासनाने गॅलिलिओला याच मताबद्दल दोषी ठरवलं. देकार्त हॉलंडमध्ये होता, त्याला लगेच कोणी पकडून नेणार नव्हतं. तरी त्याने ते पुस्तक बासनात गुंडाळलं. तो जिवंत असेपर्यंत ते छापलं गेलं नाही. हा धीट क्रांतिकारक नव्हता, घाबरणारा माणूस होता.

म्हणून १६३७ मध्ये त्याने लायडनहून जे पुस्तक काढलं, त्यावर स्वतःचं नाव घातलं नाही. विचार कसा करावा यावरचा एक निबंध आणि त्याला जोडलेले तीन नमुने. प्रकाशावरचा, हवामानावरचा आणि शेवटचा ‘ला जिओमेत्री’, म्हणजे भूमिती. शंभरावर पानांच्या त्या शेवटच्या भागात आपले आकार आणि समीकरणं एकत्र आली. विद्वानांच्या लॅटिनमध्ये न लिहिता त्याने हे सगळं फ्रेंचमध्ये लिहिलं. आकृत्या मात्र फ्रान्स फान स्कोटेन या तरुण डच गणितज्ञाने काढून दिल्या. चित्रकलेत हात न चालणाऱ्या तुम्हा-आम्हाला याचा केवढा दिलासा!

पण पुस्तक वाचायला सोपं होतं का? मुळीच नाही. देकार्तने मधल्या पायऱ्या मुद्दाम गाळल्या. वाचकाला स्वतः शोधायचा आनंद मिळावा हे एक कारण त्याने दिलं. आपल्याला हे आधीच माहीत होतं असं प्रतिस्पर्ध्यांनी म्हणू नये, हेही मनात होतंच. पुढे फान स्कोटेननेच त्याचं लॅटिन भाषांतर करून भरपूर टिपा जोडल्या, तेव्हा कुठे ते युरोपभर वाचलं गेलं. त्या लॅटिन आवृत्तीच्या वाचकांमध्ये केंब्रिजचा न्यूटन नावाचा एक विद्यार्थीही होता.

एक श्रेय इथे द्यायलाच हवं. पिएर द फर्मा या फ्रेंच वकिलाने याच सुमारास, स्वतंत्रपणे, हीच कल्पना मांडली होती. पण त्याचं हस्तलिखित मित्रांमध्येच फिरत राहिलं आणि त्याच्या मृत्यूनंतर १६७९ मध्ये छापलं गेलं. दोघांची चांगलीच जुंपली. १६३८ मध्ये देकार्तने फर्माला एक वक्र देऊन आव्हान दिलं, की याची स्पर्शिका काढून दाखव. एक्सचा घन अधिक वायचा घन बरोबर तीन गुणिले ए, एक्स, वाय. फर्माने ती काढली! देकार्तला मनापासून दाद देणं जड गेलं. या वक्राचं एक टोक पाकळीसारखं वळतं. ऋण आकड्यांशी नीट मैत्री नसल्यामुळे त्या काळच्या मंडळींना वाटलं, की चारही बाजूंना अशा पाकळ्या असून त्याचं फूल होत असणार. खरं तर पाकळी एकच आहे, बाकीच्या दोन शेपट्या दूर निघून जातात. आज हे तुम्ही दहा ओळींच्या कोडमध्ये बघू शकता. ज्याच्या नावाने तो वक्र ओळखला जातो, त्या देकार्तने तो आपल्याइतका पूर्ण कधी पाहिला नाही.

फ्रान्सिन आणि एलिझाबेथ

या सगळ्या काळात देकार्तच्या घरी एक छोटी मुलगी होती. तिचं नाव फ्रान्सिन. तिची आई हेलेना ही एका घरात काम करणारी डच बाई. देकार्तने तिच्याशी लग्न केलं नव्हतं. १६३५ मध्ये फ्रान्सिन जन्मली. तिला शिकायला फ्रान्सला पाठवायचं त्याच्या मनात होतं. सप्टेंबर १६४० मध्ये तापाने ती गेली, पाच वर्षांची होऊन. पुढच्याच महिन्यात त्याचे वडीलही वारले. बुद्धीने सगळं नीट मांडता येतं असं म्हणणाऱ्या माणसाने, रडणं पुरुषाला शोभत नाही असं मानणाऱ्यांतला आपण नाही, हे त्यानंतर एका मित्राला पत्रातून कळवलं.

तीन वर्षांनी, १६४३ मध्ये, त्याचा पत्रव्यवहार बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथशी सुरू झाला. नावाची राजकन्या, बापाचं राज्य गेलेलं, कुटुंब हॉलंडमध्ये आश्रयाला. वय चोवीस. तिने पहिल्याच पत्रात त्याच्या तत्त्वज्ञानातल्या सगळ्यात कच्च्या जागेवर बोट ठेवलं. मन जर शरीराहून अगदी वेगळं असेल, तर ते शरीराला हलवतं कसं? देकार्तला याचं समाधानकारक उत्तर शेवटपर्यंत देता आलं नाही.

त्याच वर्षी त्याने तिला भूमितीतला एक प्रश्न घातला. तीन वर्तुळं दिली आहेत. तिघांनाही टेकणारं चौथं शोधा. मग त्यालाच वाटलं, की हे फार अवघड झालं, उगाच दिलं. एलिझाबेथने ते सोडवलं! तिचं उत्तर आज उपलब्ध नाही, पण त्याने केलेलं कौतुक पत्रात आहे. तीनही वर्तुळं एकमेकांना टेकलेली असतील तेव्हा काय होतं, हेही त्याने तिला लिहून कळवलं. त्याला आज देकार्तचं प्रमेय म्हणतात.

मला माझ्या असाइनमेंटसाठी हवे असलेले आकडे नेमके इथे होते. सुरुवातीला काढलेलं १५० त्रिज्येचं वर्तुळ तसंच ठेवा, फक्त ‘फिल’ला फिका रंग द्या. रंग दिला नाही तर ब्राउझर काळाच भरतो. त्यानंतरच्या ओळींवर दोन वर्तुळं लिहा. केंद्रं १२५, २०० आणि २७५, २००. त्रिज्या प्रत्येकी ७५. मग केंद्र २००, १०० आणि त्रिज्या ५०. मधल्या चिमुकल्या जागेत शेवटचं, केंद्र २००, १६० आणि त्रिज्या १०. प्रत्येकाला वेगळा रंग द्या आणि हवं तितकं झूम करून बघा. कुठे फट नाही, कुठे चढाओढ नाही.

ही जादू पडताळायची असेल तर १५० ला आतल्या चार त्रिज्यांनी भागा. २, २, ३ आणि १५ येतात. त्यांची बेरीज २२, बेरजेचा वर्ग ४८४. आता प्रत्येकाचा वर्ग करून बेरीज घ्या, ४, ४, ९ आणि २२५ मिळून २४२. त्याची दुप्पट पुन्हा ४८४! एकमेकांना टेकलेली कुठलीही चार वर्तुळं घ्या, प्रत्येकाच्या त्रिज्येने एकाला भागा, हा नियम चालतो. बाहेरून वेढणारं वर्तुळ त्यात धरलं तर त्याचा आकडा ऋण घ्यायचा, एवढंच.

पहाटेचे पाच

१६४९ मध्ये स्वीडनच्या क्रिस्टिना राणीने त्याला स्टॉकहोमला बोलावलं. तो कां-कूं करत ऑक्टोबरात पोचला. राणी तेवीस वर्षांची, हुशार आणि पहाटे उठणारी. तिने शिकवणीची वेळ ठरवली, सकाळी पाच! जन्मभर उशिरा उठलेला त्रेपन्न वर्षांचा माणूस जानेवारीच्या गोठवणाऱ्या अंधारात गाडीत बसून राजवाड्यावर जायला लागला. ज्या फ्रेंच राजदूताकडे तो उतरला होता, त्याला आधी न्यूमोनिया झाला. तो बरा झाला. मग देकार्त आजारी पडला आणि ११ फेब्रुवारी १६५० रोजी गेला.

कॅथलिक असल्यामुळे प्रोटेस्टंट स्वीडनमध्ये त्याला बाजूच्या, मुख्यतः लहान मुलांसाठी असलेल्या दफनभूमीत पुरलं. पुढे अस्थी पॅरिसला नेल्या, पण कवटी वाटेत वेगळी झाली. ती या हातातून त्या हातात गेली आणि मालकांनी तिच्यावर आपापली नावं लिहून ठेवली. आज ती पॅरिसच्या मानववंश संग्रहालयाकडे आहे. मन आणि शरीर वेगळं मानणाऱ्याच्या नशिबी हे असं आलं.

त्याच्या गावाचं नाव आता देकार्त आहे. तुम्हाला मात्र तिकडे जायची गरज नाही. त्या पाच वर्तुळांच्या पानात अजून जागा शिल्लक आहे. सगळ्यात वरच्या वर्तुळाच्या आणि बाहेरच्या वर्तुळाच्या मध्ये, डावीकडे आणि उजवीकडे, एकेक नवं वर्तुळ बरोबर मावतं. त्यांची त्रिज्या २५ आहे. केंद्र कुठे येईल, ते मी सांगत नाही. मधली पायरी गाळायची पद्धत देकार्तचीच! जमलं, तर त्या वर्तुळावर माउस नेला की रंग बदलेल एवढं करा, आणि ते पान वर्गातल्या अशा कोणाला तरी पाठवा, ज्याला चित्र काढता येत नाही असं वाटतं.